अडथळ्याला मानवंदना

मुंबईत एखाद्या वाहनाला मान मिळवायचा असेल, तर त्यानं आधी बंद व्हावं लागतं. चालू असेतो ते रखडतं, खडखडतं, तोट्यात जातं आणि वाहतुकीला अडथळा करतं. बंद झालं की लगेच त्याच्यातले गुण दिसू लागतात. 'बेस्ट'च्या आणिक आगारातल्या संग्रहालयात विजेवर चालणारी ट्राम सध्या अशीच सद्गुणी अवस्थेत आहे. तिच्या प्रतिकृती आहेत, जुनी तिकिटं आहेत, फोटो आहेत. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. फरक इतकाच की ही म्हैस मेली नव्हती, मारली होती.

आरोपीची सेवापुस्तिका पाहा. 9 मे 1874 रोजी मुंबईत पहिली ट्राम सुटली, घोड्यांची. कुलाब्याहून पायधुणीला. तेहतीस वर्षं घोडे राबले आणि 7 मे 1907 ला वीज आली. 1920 मध्ये ट्रामवर दुसरा मजला चढला. कारकून, गिरणी कामगार, कॉलेजची पोरं असं अख्खं शहर तिनं वाहून नेलं. अखेर 31 मार्च 1964 च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस साधून! प्रशासनानं कुठली गोष्ट वेळेवर केली नाही असं कुणी म्हणू नये. निरोपाला तोबा गर्दी होती. एवढी माणसं रोज बसतात म्हणूनच तर ती बंद करायची नसते, हे कुणाला सुचलं नाही.

गुन्हा काय? ती रस्त्याच्या मधोमध, संथपणे चालायची आणि रूळ सोडून बाजूला व्हायची नाही. म्हणजे मागच्या मोटारीला थांबावं लागे. एका मोटारीतल्या एका साहेबाला दुमजली ट्रामभर माणसांच्या मागे थांबावं लागणं हा लोकशाहीत केवढा मोठा अन्याय! तो 1964 मध्ये दूर झाला. तेव्हापासून पायधुणीचा रस्ता किती मोकळा झालाय, हे ज्याला बघायचंय त्यानं संध्याकाळी सहाला तिथं जावं. परत कधी येणार, ते घरी सांगू नये.

रूळही सगळे उपसले नाहीत. बऱ्याच ठिकाणी वर डांबर ओतून विषय मिटवला. त्यामुळे अधूनमधून कुठल्याशा खड्ड्यातून रूळ डोकं वर काढतात, फोटो छापून येतात, हळहळ व्यक्त होते आणि आपल्या रस्तेखोदाईला पुरातत्त्वाची प्रतिष्ठा मिळते.

आणि आता पाहा. मेट्रो-3 कफ परेडपासून काळबादेवी, गिरगावखालून धावते. रूळ आहेत, वीज आहे. म्हणजे ट्रामच्या प्रवाशाला आपण परत बोलावलं, फक्त तीस हजार कोटींहून जास्त खर्चून जमिनीच्या पोटात. वरचा रस्ता मोटारीला लागतो ना!

वाहनांची स्मारकं करण्यात कोलकात्यानं तर आपल्यालाही मागे टाकलं. तिथं 1902 पासून विजेची ट्राम धावतेय. 2014 मध्ये एस्प्लनेडला एका जुन्या ट्रामच्या डब्यातच 'स्मरणिका' नावाचं संग्रहालय उघडलं, तेव्हा बाहेर ट्राम चालू होती! दहा वर्षांनी, 2024 मध्ये, मैदानातला एक मार्ग ठेवून बाकीची ट्राम बंद करण्याची घोषणा झाली. आधी स्मारक, मग मरण. याला नियोजन म्हणतात.

तोच आदर्श समोर ठेवून आमची सूचना आहे की, आणिकच्या संग्रहालयानं आताच दोन दालनं राखून ठेवावीत. एक लाल बसचं. जुनी डबलडेकर 1937 पासून पळत होती, तिला सप्टेंबर 2023 मध्ये हारतुऱ्यांनिशी निरोप दिला. सेल्फी काढून मंडळी टॅक्सीनं घरी गेली. 'बेस्ट'च्या स्वतःच्या मालकीच्या बस आटताहेत, भाड्याच्या वाढताहेत, तेव्हा वस्तू जमवायला हाच मोसम. दुसरं दालन मोनोरेलचं. ती 2014 मध्ये आली आणि सप्टेंबर 2025 मध्ये दुरुस्तीसाठी थांबवली गेली. तिचं कारशेड जवळच वडाळ्यात आहे, आणायचा खर्चही फारसा नाही.

फक्त एक करा. दालनांआधी वाहनतळाचे मजले आखून घ्या. सार्वजनिक वाहतुकीचा हा वैभवशाली इतिहास बघायला लोक मोटारी घेऊन येणार, त्या कुठे लावणार?