टायला शोभेलसा शर्ट

शर्टावर टाय निवडण्याचा मूळ नियम एका ओळीत मावतो: टाय शर्टापेक्षा गडद असावा. बाकीची सगळी पुस्तके या ओळीवरचे भाष्य आहेत. रंगचक्रावर शेजारी बसणारे रंग, उदाहरणार्थ आकाशी शर्ट आणि नेव्ही ब्लू टाय, एकमेकांशी भांडत नाहीत. समोरासमोर बसणारे रंग, म्हणजे निळा-नारिंगी, जांभळा-पिवळा, लाल-हिरवा, एकमेकांना उठाव देतात. मात्र दोघेही भडक असतील तर माणूस मागे पडतो आणि मुलाखत कपडेच देऊन येतात. पांढऱ्या शर्टावर कोणताही गडद टाय चालतो. काळ्या शर्टावर चकचकीत टाय घालणारा इसम हिंदी चित्रपटातल्या खलनायकाचा उजवा हात समजला जातो, त्यामुळे त्याचा विचार येथे केलेला नाही.

या शास्त्रात एक गृहीतक दडलेले आहे. त्यात माणसाने आधी शर्ट ठरवला आहे आणि कपाटात टायची रांग लटकते आहे. छत्रपती संभाजीनगरात परिस्थिती नेमकी उलटी असते. शर्ट डझनभर असतात आणि टाय घरटी एक. त्यामुळे येथील उपयोजित शास्त्र शर्टाला टाय शोधत नाही, टायला शर्ट शोधते.

याला इतिहासाचा आधार आहे. हे शहर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि तिथला भारदस्त पोशाख म्हणजे शेरवानी. शेरवानीची बटणे गळ्यापर्यंत लागतात, टायला जागाच उरत नाही. रंगाची हौस भागवायला सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून विणलेले इथलेच हिमरू होते. ज्या कापडाच्या अंगभर बुट्टे असतात त्यावर आणखी एक पट्टी लोंबवण्याची गरज कोणाला वाटली नसावी. टायचा पूर्वज सतराव्या शतकात क्रोएशियन सैनिकांच्या गळ्यातून पॅरिसच्या दरबारी गळ्यात गेला. त्याच शतकात मलिक अंबरच्या खडकीत, म्हणजे या शहरातच, भुयारी नहरींतून पाणी खेळत होते. आता टाय आला आहे आणि पाणी नळाला काही दिवसांआड येते. या घटनेचा रंगनिवडीशी थेट संबंध आहे. तो पुढे येईल.

टायशी पहिली गाठ शाळेत पडते आणि ती गाठ कारखान्यातूनच मारून आलेली असते. इंग्रजी शाळेच्या टायला इलॅस्टिक असते, रंग शाळेने ठरवलेला असतो आणि शर्टही. मूल दहा वर्षे रोज टाय घालते, आणि दहावी होते तेव्हा त्याला गाठही येत नसते आणि रंगाबद्दल मतही नसते. त्यानंतरचा टाय येतो तो थेट कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री. अभियांत्रिकीच्या वसतिगृहात तेव्हा मजल्यावर एखादाच टाय असतो. तो नंबराप्रमाणे फिरतो. आत गेलेला बाहेर आला की दारातच काढून पुढच्याच्या गळ्यात. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कंपनीतून आलेल्या साहेबांनी दिवसभरात सर्वांत जास्त वेळा पाहिलेला उमेदवार म्हणजे तो टाय. रंगसंगतीचा विचार होतो, पण उमेदवार टायप्रमाणे शर्ट उसना घेतो.

घरातला एकमेव टाय लग्नाच्या सुटाबरोबर येतो. तो बहुधा मरून असतो, त्यावर तिरप्या रेघा असतात आणि उजेडात तो किंचित चमकतो. त्याची गाठ लग्नाच्या सकाळी एका मावसभावाने मारली होती, जो तेव्हा औषध कंपनीत एमआर होता आणि आता पुण्याला असतो. केंब्रिजच्या थॉमस फिंक आणि याँग माओ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये गणिताने दाखवून दिले की टाय बांधण्याचे ८५ प्रकार संभवतात. या घरात एकच संभवतो, तो म्हणजे न सोडण्याचा. काम झाले की गाठ थोडी सैल करायची, फास डोक्यावरून काढायचा आणि तसाच गोदरेजच्या कपाटात खुंटीला लावायचा. धाकटा भाऊ, मेहुणा आणि शेजारचा एमबीएवाला हे सगळे त्याच गाठीतून जातात.

मग प्रश्न राहतो शर्टाचा. मरून टायखाली पांढरा, क्रीम, आकाशी, फिकट राखाडी हे शर्ट बिनधोक चालतात. फिकट गुलाबीही चालतो, कारण तो मरूनच्याच घराण्यातला आहे. पण तो सुचवल्यावर पुरुषमंडळी काही क्षण गप्प बसतात. पिस्ता, पोपटी आणि बॉटल ग्रीन यांच्यापासून दूर राहावे. लाल-हिरव्याचे ते समोरासमोरचे नाते पैठणीवर अप्रतिम दिसते. छातीवर दिसले की स्वयंपाकघरातून ताबडतोब निकाल येतो: “काढ ते, ब्यांडवाल्यासारखं दिसायलंय.” या निकालावर अपील नाही, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो.

तेव्हा सगळ्यात निर्धोक पांढरा. पण पांढऱ्या शर्टाचा एकच दिवस असतो आणि दुसरा दिवस पाण्यावर अवलंबून असतो. जायकवाडीचे धरण जवळ आहे म्हणून कॉलर जवळच्या काळात धुऊन निघेलच असे नाही. सिडको-हडकोत मुलाखतीची तारीख आणि पाण्याचा दिवस एकत्र मांडून पाहणारी घरे आहेत; जुळले तर पांढरा, नाहीतर आकाशी. आकाशीची अडचण वेगळी. लग्नसराई एप्रिल-मेची, पारा चाळिशीच्या पुढे, आणि आकाशी कापडावर घाम जितका स्पष्ट उमटतो तितका पांढऱ्यावर उमटत नाही. स्वस्त मरून टायचा रंग घामाने कॉलरवर उतरतो तो भाग निराळा. काळा टाय घ्यावा, तर बीड बायपासवरून मोटारसायकलने आल्यावर तो राखाडी झालेला असतो. अनुभवी एमआर यासाठी टायचे टोक दोन बटणांच्या मधून शर्टाच्या आत खोचतो, तोंडाला रुमाल बांधतो आणि दवाखान्याच्या पायरीवर दोन्ही सोडवून मगच आत शिरतो. जालना रोडवर त्याच्या टायचा रंग कोणीही पाहिलेला नाही.

नक्षीचा नियम थोडक्यात असा: शर्ट रेघांचा असेल तर टाय साधा असावा, दोघांवरही रेघा हव्याच असतील तर एकावर बारीक, दुसऱ्यावर जाड. चौकडीवर चौकडी घालू नये.

रंग पाहायचा कुठे, हे रंग कोणता यापेक्षा महत्त्वाचे आहे. दोन कापडे ट्यूबलाइटखाली एकाच रंगाची वाटतात आणि उन्हात वेगळी निघतात, कारण दिव्यात आणि उन्हात रंगलहरींचे प्रमाण सारखे नसते. दुकानात काळा म्हणून घेतलेला टाय मांडवात नेव्ही ब्लू निघतो तो यामुळे. ही गोष्ट पुरुषांना भौतिकशास्त्राच्या पुस्तकात कळते. गुलमंडीच्या मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाऊजपीस घ्यायला आलेल्या बायकांना ती आधीपासून ठाऊक असते. त्या साडी पिशवीतून काढतात, कापडाचे टोक तिच्यावर ठेवतात आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उजेडात बघतात. आमसुली, अबोली, मोतिया, बदामी, राणी, रामा ग्रीन असे रंग त्या नावाने ओळखतात. त्याच घरातल्या पुरुषाकडे ‘लाल’, ‘निळा’ आणि ‘तो कुठलासा’ एवढेच रंग असतात. टाय घ्यायला जाताना शर्ट पिशवीत घालून न्यावा आणि पायरीवर जावे; त्यात कमीपणा नाही. पैठण गेटचा जुना दुकानदार तर गिऱ्हाइकाकडे एकदा पाहतो आणि टाय परत गुंडाळतो: “नक्को भाई, ये इसपे नई जाता.” तो विक्रीवर पाणी सोडून हे सांगतो आहे, तेव्हा ऐकावे.

लग्नात हल्ली नवरदेवाचा टाय नवरीच्या साडीशी जुळवतात आणि हा आग्रह फोटोग्राफरचा असतो. साडी पैठणी असेल तर पंचाईत होते. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाँव साधते. नवरी वळली की जांभळ्याचा निळा होतो. टाय वळत नाही. यावर उपाय अंगाच्या रंगाकडे न पाहता काठाचा रंग उचलण्याचा. काठ एकाच रंगावर ठाम असतो आणि शर्टापेक्षा गडदही असतो, म्हणजे मूळ नियमही पाळला जातो.

काही ठिकाणी निवडच नसते. उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठात वकिलाच्या गळ्याशी पांढरे बँड असतात. बार कौन्सिलचे नियम बँडऐवजी टायची मुभा देतात ती फक्त जिल्हा व सत्र न्यायालयांच्या खालच्या न्यायालयांत, आणि टाय काळाच हवा. वकील मंडळी रंगाच्या प्रश्नातून अशी कायमची सुटलेली आहेत.

याउलट, शर्ट-टायची एक रंगसंगती या शहरात कोणाला शिकवावी लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केले ते येथेच, आणि नागसेनवनापासून भडकल गेटपर्यंत घराघरांतल्या तसबिरींत ते एकाच वेशात असतात: निळा सूट, पांढरा शर्ट, लाल टाय. त्यांचे बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत. हे रंग चित्रकारांनी आणि मूर्तिकारांनी रूढ केले. नियमाच्या दृष्टीने ही निवड अचूक आहे. गडद निळ्याच्या चौकटीत पांढरा आणि त्यावर मधोमध लाल, त्यामुळे तो टाय भर चौकात रस्त्यापलीकडूनही ओळखू येतो. महाराष्ट्रात सर्वांत जास्त डोळ्यांनी पाहिलेला टाय कदाचित तोच असेल.

ज्याला आयुष्यात एकच टाय विकत घ्यायचा आहे त्याने तो नेव्ही ब्लू, बिनरेघांचा आणि न चमकणारा घ्यावा. पांढरा, क्रीम, आकाशी, गुलाबी, फिकट राखाडी यांपैकी जो शर्ट त्या दिवशी धुतलेला असेल त्यावर तो जातो, आणि धूळही काळ्यापेक्षा थोडी कमी दाखवतो. टोक पट्ट्याच्या बकलाशी थांबावे. गाठ दुकानदाराकडून शिकून घ्यावी आणि घरी आल्यावर सोडावी, कारण वर्षभर बांधून ठेवलेल्या टायवरची घडी इस्त्रीनेही जात नाही.