डमीला भोवरा नसतो

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-बाबांस,


मोठी बातमी अशी की केस कापायला शिकवणाऱ्या शाळेने अखेर मला डमीवरून माणसांवर सोडलं. बाबांना अजून वाटतं की मी हौसेने क्लास करतेय. बाबा, इथे या धंद्याचा परवाना काढायला १२०० तासांचं शिक्षण लागतं, वर परीक्षा. नेरूळच्या आपल्या पार्लरवालीला सांगा, चाट पडेल.

डमी म्हणजे टेबलाला शिकंज्याने आवळलेलं नुसतं मुंडकं. केस मात्र पुष्कळदा खऱ्या माणसाचे. जगाच्या केसबाजारात आपल्या देशाचा माल मोठा, आणि तिरुपतीला वाहिलेल्या केसांचा तर चक्क लिलाव होतो. मावशीला तिच्या नवसाच्या वेणीची चुटपुट लागली असेल, तर सांगा, एखादवेळी ती माझ्या टेबलावर येऊन गेली असेल.

डमीचा स्वभाव गरीब. मान हलवत नाही, फोन बघत नाही, शिंकत नाही. मधला टप्पा म्हणून तुमचे जावई होते. त्यांच्याविषयी सध्या एवढंच की ते टोपी घालून ऑफिसला जातात आणि तक्रार करत नाहीत.

खऱ्या डोक्याची गंमत वेगळी. टाळूवर भोवरा असतो. तिथले केस आखूड कापले की ते मोराच्या तुऱ्यासारखे उभे! म्हणून तिथे लांबी राखायची आणि भोवरा ज्या दिशेने फिरतो तिकडेच केस बसवायचे. कानांचंही तसंच. कानावरचे केस ताणून कापले तर सोडल्यावर वर चढतात, म्हणून तिथे कंगव्याने सैल सोडून कापायचे.

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आपल्याच एक काकू. कालनिर्णय बघून आल्या होत्या. फोनवर नटीचा फोटो दाखवला, बोटांनी माप दाखवलं, "दोनच बोटं हं!" ओले केस ताणले की लांबतात आणि वाळले की आखडतात, कुरळे तर फारच. म्हणून दोन बोटं म्हटलं की मी एकच कापते, दुसरं बोट ड्रायरखाली आपोआप वर जातं. काकू खूश. पण तेवढ्यात त्यांनी आमचं घरभाडं, जावयांचा पगार आणि दुसरं मूल कधी, हे सगळं काढून घेतलं. शाळेतल्या मॅडम मागे उभ्या राहून माझ्या कात्रीचा कोन तपासत होत्या. या प्रश्नांना काय उत्तर द्यायचं ते काही त्यांनी शिकवलं नाही.

आता मुद्द्याचं. आई, तू सोसायटीभर सांगून ठेवलं आहेस म्हणे, की लेक डिसेंबरात येतेय, सगळ्यांचे केस फुकट कापेल. कापीन. पण स्ट्रेट करून मागू नका. ड्रायरने बसवलेले केस दमट हवा लागली की पुन्हा मूळपदावर येतात, आणि आपण राहतो खाडीकाठी. दुसरं, फोटो आणायचा तर तो स्वतःच्याच जातीच्या केसांचा आणावा. आणि तिसरं, हात जोडून सांगते, आदल्या रात्री कुणाच्याही डोक्याला खोबरेल चोपडून पाठवू नकोस.

तुमची लेक