साहेबांचा नवा विचार

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात हे साहेब भेटतात. खात्याची पाटी पूर्वी 'ट्रेनिंग' होती, आता 'एल अँड डी' आहे, टेबल तेच. गळ्यात आयकार्ड, खिशात चार रंगांचे मार्कर आणि दर एप्रिलला डोक्यात एक नवा विचार. एप्रिललाच, कारण बजेट तेव्हा येतं.

नव्या विचाराची सुरुवात खुर्च्या गोल मांडण्यापासून होते. मग आइसब्रेकर. वीस वर्षं शेजारी शेजारी काम केलेल्या दोघांना साहेब एकमेकांची ओळख करून द्यायला लावतात. "यांचं एक गुपित सांगा!" खरं गुपित सांगितलं तर दोघांचीही नोकरी जाईल, म्हणून दोघेही "यांना क्रिकेट आवडतं" एवढ्यावर भागवतात. पुढे अठरा मिनिटांत कोरड्या स्पॅगेटीचा मनोरा. त्याच्या शेंड्यावर ठेवायची मार्शमॅलो प्रेसशॉपच्या टीमने तोवर खाल्लेली असते.

मग ती ठरलेली स्लाइड. वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, केलेलं 90 टक्के. खाली नाव एडगर डेल यांचं. डेल यांनी 1946 साली अनुभवाचा शंकू मांडला खरा, पण त्यात टक्के नव्हते. ते मागाहून कुणीतरी चिकटवले. क्वालिटीतल्या एका मुलीने हे फोनवर शोधून भर हॉलमध्ये विचारलं. साहेब हलले नाहीत. "बघा, सेल्फ-लर्निंग!" म्हणाले आणि तिच्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या. माणूस करून शिकतो, हे त्यानंतर त्यांनी जेवणापर्यंत बोलून सांगितलं.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षण जोखायच्या चार पायऱ्या सांगितल्या: लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामात काय बदललं, धंद्याला काय मिळालं. साहेब पहिल्याच पायरीवर पथारी टाकून बसलेत. फीडबॅक फॉर्मवर सगळे हसऱ्या चेहऱ्यावर टिक करतात आणि 'सूचना'खाली लिहितात, "गुलाबजाम गरम हवे होते." त्यावर मात्र कारवाई झाली. केटरर बदलला.

माणूस वाईट नाही हो. खर्चाला कात्री लागली की पहिली यांच्याच खात्याला लागते, मग फोटोत हसरे चेहरे दाखवण्यावाचून बिचाऱ्याला गत्यंतर काय?

एकदा ते चक्क मशीनशॉपमध्ये आले. सीएनसीवर मामा नव्या पोराला सांगत होते, "स्क्रीनकडे काय बघतोस? कान दे. मघाशी कसा एकसारखा आवाज येत होता, आता किरकिरतंय ना? इन्सर्टची धार गेली. आता बदल, जॉब खराब झाल्यावर नको." पोराने मान तिरकी करून ऐकलं, मशीन थांबवलं, इन्सर्ट काढून अंगठ्यावर धरून पाहिला. कोपरा झिजला होता.

साहेबांचे डोळे भरून आले. "पीअर लर्निंग!" फोटो निघाला, मेल फिरली आणि मामांचं नाव दोन दिवसांच्या 'ट्रेन द ट्रेनर'ला गेलं.

मामा हॉलमध्ये स्पॅगेटीचा मनोरा रचत होते तेव्हा पोरगं मशीनवर एकटंच. दुसऱ्या दिवशी लाल ट्रॉली रिजेक्ट जॉबनी भरली आणि प्रॉडक्शन मॅनेजर तणतणत वर आले. साहेबांनी शांतपणे लाल मार्करचं टोपण काढलं, फ्लिपचार्टवर मोठ्या अक्षरांत 'ट्रेनिंग नीड' लिहिलं आणि पोराचं नाव पुढच्या बॅचमध्ये टाकलं.