समितीचं बोधचिन्ह

इंग्लंडातल्या शाळेशी भागीदारी ठरली, की नागपुरात अभ्यासाआधी बोधचिन्ह लागतं. स्पर्धा जाहीर होते, पोरं कामाला लागतात. कुणी झिरो माइलचा खांब काढतं, कुणी संत्र्याची फोड, कुणी फुटाळा तलावाचं पाणी. मग कागद समितीपुढे जातात. खांब ‘इंग्रजांचा’ म्हणून बाद, संत्रं ‘फारच लोकल’. उरतं काय? पृथ्वीचा गोल, हस्तांदोलन, कबुतर आणि शाळेचं नाव, पत्त्यासकट!

२०१४ मध्ये कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी बोधचिन्ह काढताना अख्खं स्वच्छ भारत अभियान गांधीजींच्या चष्म्यात बसवलं. आपल्या समितीने त्यात झाडू, बादली आणि संस्थाध्यक्षांचा फोटोही मागितला असता. तेव्हा सर, मॅडम, स्पर्धा खरंच पोरांची असेल, तर खोडरबर आधी मोठ्यांच्या हातातून काढून घ्या.