एएमसीवाला

महाड एमआयडीसीत त्याला नाव नाही. गेटवरचा वॉचमन वहीत 'कॉम्प्युटरवाला' लिहितो, स्टोअरवाले 'भाऊ' म्हणतात, आणि सर्व्हर बंद पडला की अकाउंट्सचे काका थेट 'साहेब' म्हणतात. सर्व्हर सुरू झाला की तासाभरात त्याची साहेबकी उतरते. बिरवाडी ते नांगलवाडी, निम्म्या केमिकल कंपन्यांची एएमसी त्याच्याकडे. एएमसी म्हणजे पैसे वर्षाचे ठरलेले, संकटं मात्र मोजायची नाहीत.

संकट सकाळी व्हॉट्सॲपवर येतं. फोटोत काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि मधोमध फ्लॅशचा सूर्य. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कोसळताना फार बोलतो. पण कामाचं आधी बोलतो आणि ते केव्हाच वर सरकून गेलेलं असतं. म्हणून हा एकच विचारतो, "काका, कीबोर्डवरचे दिवे लुकलुकतायत का?" लुकलुकत असले तर कर्नल पॅनिक. यूएसबीचे कीबोर्ड अशा वेळी बहुधा गप्प बसतात, म्हणून जुना गोल पिनचा कीबोर्ड तो कोणाला भंगारात टाकू देत नाही. "मी निघालोच. कशाला हात लावू नका." तोवर काकांनी तीनदा बंद-चालू करून झालेलं असतं.

आल्या आल्या तो रॅम काढतो आणि तिची सोनेरी कड शाळकरी खोडरबरानं घासतो. इथली हवा आणि कोकणातला पाऊस मिळून तांब्या-चांदीचं जे करतात, ते पाहिलेल्याला हा अंगारा वाटत नाही. पण या वेळी रॅम निर्दोष निघते. दोष डिस्कमध्ये.

सर्व्हरमध्ये डिस्क दोन, आणि सॉफ्टवेअर त्यांचा आरसा करतं. एकीवर लिहिलं ते दुसरीवर तसंच. एक गेली तरी काम चालू राहावं. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या अनेक जोडण्याचे प्रकार मांडले, त्यात हा पहिला. खरेदी विभागानं त्यातलं 'स्वस्तातल्या' तेवढं उचललं. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच लॉटच्या.

"आरसा होता, तर मशीन पडलं कसं?" मॅनेजर विचारतात आणि याचा चेहरा खुलतो. "आधीच्या माणसानं केलंय." (हा आधीचा माणूस प्रत्येक कंपनीत होऊन गेलेला असतो. त्याला कोणी पाहिलेलं नसतं.) त्यानं डेटाचा आरसा केला, पण स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडली की कर्नल जिथं पानं नेऊन ठेवतो ती जागा, एकाच डिस्कवर काढली. नेमकी तीच डिस्क गेली. डेटा शाबूत, पण ठेवलेलं पान परत मागितलं तर डिस्क ढिम्म. त्यात इनिट गारद झाला. सगळे प्रोग्राम ज्याच्या पोटी जन्मतात तोच गेल्यावर लिनक्स पुढं पाऊल टाकत नाही.

आता खरी परीक्षा. दोन डिस्क दिसायला सारख्या. जिवंत कोणती, मेलेली कोणती? चुकीची काढून पुसली की कंपनीचं वर्ष पुसलं. इथं त्याची बडबड थांबते. तोंडात मोबाइलचा टॉर्च, स्क्रू शर्टाच्या खिशात, सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे पडद्याशी ताडून तो मास्किंग टेपवर लिहितो आणि पुन्हा वाचतो. काका काही सांगायला पुढं होतात, तर नुसता तळहात दाखवतो.

नवी डिस्क बसली. स्वॅपही आरशात आला. पडद्यावर चौकटी कंसात चालू डिस्कचा एक यू आणि शेजारी नव्या डिस्कची रेघ. रेघेचा यू व्हायला हवा. एक टीबीची डिस्क, सेकंदाला १०० एमबी म्हटलं तर पावणेतीन तास. पण रिसिंक, म्हणजे जुन्या डिस्कवरचं नवीवर उतरवणं, भारी भिडस्त. कोणी टॅली उघडली की ते आदबीनं वेग कमी करतं, आणि टॅली उघडण्यावाचून काकांना दुसरं व्यसन नाही. म्हणून हा खुर्ची टाकून दारातच बसतो.

आरसा म्हणजे बॅकअप नव्हे, हे तो प्रत्येक चहाला सांगतो. लेजर चुकून उडवलं तर आरसा तेही दोन्हीकडून इमानेइतबारे उडवतो. २२ जुलै २०२१ ला सावित्री-गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हापासून त्याची आणखी एक पुरवणी असते, की एकाच डब्यातल्या दोन डिस्क पोहायलाही एकत्रच जातात. म्हणून तिसरी प्रत पोलादपूरला, त्याच्या घराच्या माळ्यावर. एकमेकांचे दर काढायला टपलेल्या तीन कंपन्यांचे हिशेब तिथं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुण्यागोविंदानं नांदतात.

संध्याकाळी दोन यू दिसतात. तो बिल ठेवतो. डिस्क एएमसीत बसत नाही.

"डिस्कचं ठीक," काका चष्म्यावरून म्हणतात, "पण व्हिजिट चार्ज कसला? काम कॉम्प्युटरनं केलं. तुम्ही तर दुपारभर दारात बसून होतात."

"त्याचाच आहे," तो म्हणतो. "आत तुम्ही होतात ना."

बिल पास व्हायला पुढच्या महिन्यात जातं.