नदीकाठचे उद्यान : रचना, रहिवासी व वापर

नदीकाठचे उद्यान म्हणजे नदीने तात्पुरत्या सोडलेल्या आणि महापालिकेने कायमच्या धरलेल्या जागेवर उभी राहिलेली सार्वजनिक व्यवस्था. तिचे उद्देश दोन: नागरिकांची करमणूक आणि निसर्गाचे पुनरुज्जीवन. पहिला उद्देश उद्घाटनाच्या संध्याकाळीच सफल होतो. दुसरा प्रगतिपथावर असतो.

महाराष्ट्रातील या प्रकाराचा सर्वांत मोठा नमुना पुण्यात घडतो आहे. मुळा, मुठा आणि संगमानंतरची मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर नदी, अकरा टप्पे आणि काम सुरू होतानाचा अंदाज सुमारे ४,७०० कोटी रुपये. आराखडा अहमदाबादला साबरमतीचा किनारा घडवणाऱ्या संस्थेचा आहे. त्यापैकी नऊ किलोमीटरच्या कामाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाली आणि बंडगार्डनच्या आसपासचा काठ सर्वांत आधी आकाराला आला. अभ्यासकाने सुरुवात तिथूनच करावी. शक्यतो वाऱ्याची दिशा पाहून.

असे उद्यान नदीकाठीच का असते, याचे कारण सौंदर्यशास्त्रात शोधू नये, पूररेषांच्या नकाशात शोधावे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा अशा दोन रेषा जलसंपदा विभाग आखतो. निळ्या रेषेच्या आत इमारतीला मनाई असते. शेती, मैदान, बगीचा चालतो. जिथे काहीच बांधता येत नाही तिथे काहीतरी बांधायचे झाल्यास बगीच्याशिवाय दुसरा पर्याय उरत नाही. रेषेबाहेरच्या सदनिकांना मग ‘रिव्हर व्ह्यू’ मिळतो आणि जाहिरातीतली नदी निळी दिसू लागते.

आता खुद्द नदी. मुठेच्या खोऱ्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे आहेत. पावसाळा सरला की त्यांतले पाणी बंद नळांतून शहरात जाते, कालव्यातून शेतीला जाते. पात्रात सोडायला फारसे उरत नाही. तरीही पात्र कोरडे पडत नाही, कारण शहर घेतलेले पाणी वापरून नाल्यांमार्गे परत करते. उन्हाळ्यात उद्यानाच्या कठड्यावरून दिसणाऱ्या प्रवाहाकडे पुणेकराने परकेपणाने पाहू नये. सकाळी त्याच्याच न्हाणीघरातून तो निघालेला असतो.

यावर उपाय ठरलेला आहे. अकरा नवी मैलाशुद्धीकरण केंद्रे, रोजची क्षमता ३९६ दशलक्ष लिटर, मदतीला जपानी कर्ज. कर्जाचा करार जानेवारी २०१६ मधला, पायाभरणी वर उल्लेखिलेल्या मार्च २०२२ च्या समारंभातली. करार ते कोनशिला हे अंतर काटायला सहा वर्षे लागली. काठ आधी सुशोभित करावा की पाणी आधी शुद्ध करावे, हा वाद त्यामुळे निव्वळ तात्त्विक ठरतो. दगड ठेकेदार आणतो, म्हणून तो वेळेवर येतो. मैला मात्र स्वतःहून येतो आणि त्याला कुठेच थांबायची सवय नाही.

साबरमतीने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला: तिथे नर्मदेच्या कालव्याचे पाणी आणून बंधाऱ्याने अडवले आहे. एका नदीचे पुनरुज्जीवन दुसऱ्या नदीने करायचे, ही कल्पना सोयीची आहे. पुण्याजवळ मोकळी नर्मदा नसल्याने इथे बंधाऱ्यांवर भिस्त ठेवावी लागते. पाणी अडले की ते भरलेले दिसते आणि छायाचित्रात वास येत नाही. बंडगार्डनला तर याची परंपराच आहे. तिथला जुना बंधारा एकोणिसाव्या शतकात सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झाला. त्या काळी मात्र पाणी पिण्यासाठी अडवत असत.

उद्यानाचा कणा म्हणजे बांधीव काठ: उतारावर दगड, वर फरसबंद वाट, मध्ये पायऱ्या. नैसर्गिक काठ याहून गबाळा असतो. चिखल, लव्हाळा, पाणकणीस, वाळुंजाची पाण्यात लोंबणारी मुळे, खेकड्यांची बिळे आणि मधूनच ढासळलेली दरड. ही उभी मातीची दरड खंड्या पक्ष्याला प्रिय. चोचीने माती उकरून तो हातभर लांबीचा बोगदा पाडतो आणि त्याच्या टोकाला अंडी घालतो. दगडी पिचिंगमध्ये त्याची चोच चालत नाही. त्याचे पुनर्वसन माहितीफलकावर करतात. तिथे त्याचे रंगीत चित्र, मराठी व शास्त्रीय नाव आणि ‘अधिवास : नदीकाठच्या मातीतील बिळे’ अशी ओळ असते. फलक दगडात पक्का बसवलेला असतो.

परदेशी उदाहरण द्यायचेच तर सिंगापूरचे बिशान-आंग मो किओ उद्यान आहे. तिथे कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा फोडून २०१२ पर्यंत तिला पुन्हा वळणे दिली. काठ वनस्पतींच्या मुळांनी बांधला, पूर आला तर हिरवळीवर पसरायला जागा ठेवली. पुढे तिथे पाणमांजरांची कुटुंबे दिसू लागली. आपल्याकडून सिंगापूरला जाणारी अभ्यास पथके बहुधा वेळेअभावी विमानतळाजवळच्या बागांपर्यंतच पोचत असावीत. एरवी काँक्रीट फोडण्याची एखादी निविदा निघालीच असती.

वनस्पतींचे दोन वर्ग पडतात: आधीच्या आणि नंतरच्या. आधीच्या वर्गात उंबर, करंज, जांभूळ, बाभूळ असे कुणीही न लावलेले वृक्ष येतात. ते कामाच्या आड येतात. एप्रिल २०२३ मध्ये पुणेकरांनी ‘चलो चिपको’ म्हणत या झाडांना मिठ्या मारल्या, तेव्हा नंतरच्या वर्गाची आकडेवारी पुढे आली: तोडू त्याच्या कितीतरी पट लावू. हिशेब चोख आहे. जुन्या उंबराच्या ढोलीतल्या पिंगळ्याने काठीला बांधलेल्या कोणत्याही दहा रोपांवर आलटून पालटून बसावे, अशी अपेक्षा असते.

प्राण्यांच्या बाबतीत नदीकाठ अजूनही उदार आहे. शेकाट्या हा लांब गुलाबी पायांचा डौलदार पक्षी सांडपाण्याच्या चिखलात थव्याने चरताना दिसतो. त्यातल्या अळ्या हे त्याचे खाद्य. शेकाटे वाढले की उत्साही मंडळी नदी सुधारल्याचे जाहीर करतात; जुने पक्षीनिरीक्षक मात्र वही मिटून नाक दाबतात. हिवाळ्यात चक्रवाक येतात, थापट्या येतात. पात्रावर जलपर्णी पसरली की तिच्यावरून पाणकोंबड्या चालत जातात आणि खाली डास वाढतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंढवा-केशवनगर भागात नदीवर किड्यांचे मनोरेच्या मनोरे उठले आणि त्यांच्या चित्रफिती देशभर फिरल्या. अधिवास पुनरुज्जीवनाचा एवढा ठळक पुरावा दुसरा नाही, पण प्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेत त्याला जागा मिळत नाही.

येरवड्याजवळ डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणून ओळखला जाणारा काठाचा तुकडा आहे. नाव अभयारण्याचे असले तरी वन्यजीव कायद्याखालची अधिसूचना नाही. पक्ष्यांनी अभय आपापल्या जबाबदारीवर घ्यायचे.

उद्यानातील सर्वाधिक संख्येची प्रजाती म्हणजे अभ्यागत. पहाटे चालणारे येतात; ते नदीकडे पाठ करून हाताच्या घड्याळातली पावले मोजतात. त्यांच्यानंतर लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी येतात, त्यांचा छायाचित्रकार नाला चौकटीबाहेर ठेवण्यात वाकबगार असतो. संध्याकाळी आजोबा माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. मासे बहुतेक तिलापिया, म्हणजे आफ्रिकेतून आणलेले. पण पुण्य मिळवताना प्रजाती विचारायची नसते. नियमांच्या पाटीसमोर उभे राहून भेळ खाता येते. पाटीवर ‘खाद्यपदार्थ आणू नयेत’ असे असले, तरी भेळ बाहेर घेतलेली असल्याने तो नियम लागू होत नाही, असे मानण्याची पद्धत आहे.

निर्माल्य हा स्वतंत्र विषय आहे. पुलांना उंच जाळ्या लावल्या आहेत आणि खाली कलश ठेवले आहेत. भाविक स्कूटर कडेला लावतो, मागे बसलेली व्यक्ती जाळीला पडलेले भोक अचूक हेरते आणि झेंडू, नारळ, फ्रेमसकट देवाची तसबीर असा ऐवज प्लॅस्टिकच्या पिशवीतून सुटतो. गाठ घट्ट मारलेली असते. मग दोघे नमस्कार करतात आणि नदी फार घाण झाल्याची खंत व्यक्त करत पुढे जातात.

वर्षातून काही दिवस नदी स्वतः उद्यानाला भेट देते. खडकवासल्याचे दरवाजे उघडतात, भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पूर पाहायला गर्दी जमते. जुलै २०२४ मध्ये विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकवर गेला तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. पात्र अरुंद झाल्याचे नागरिक म्हणाले. पाऊस जास्त झाल्याचे कार्यालये म्हणाली. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पाहिलेली पिढी अशा वेळी पाणी कुठवर आले होते ते हाताने दाखवते. नव्या पायवाटेवर तो हात बराच उंच जातो.

पाणी ओसरल्यावर उद्यान काही काळ बंद राहते. बाकांना चिंध्या आणि पिशव्या अडकलेल्या असतात, फरसबंदीवर वीतभर गाळ असतो. या गाळात लव्हाळ्याचे कोंब आपणहून फुटतात. गाळ हटवून कोंब उपटण्याचे काम देखभाल-दुरुस्तीच्या वार्षिक निविदेत येते. पुनरुज्जीवनासाठी स्थानिक वनस्पती पुरवण्याची निविदा वेगळी निघते.