लाइट आले का हो तुमच्याकडे?

"लाइट आले का हो काकू?"

"काल रात्री आले. तुमच्याकडे?"

"कुठले! मगाशी मेसेज आला, 'काम चालू आहे' म्हणून. म्हणजे आज तरी नाही."

"बाई गं! मग आत ये आधी, फोन लाव चार्जिंगला. आणि फ्रीझरमध्ये काय उरलंसुरलं असेल ते आणून टाक माझ्याकडे. माझा धुऊनपुसून रिकामा आहे. खवलेला नारळ, वाटणं, भारतातून आणलेल्या पुरणपोळ्या, सगळं परवाच कचऱ्यात गेलं."

काकूंचं परस आणि आमचं परस पाठीला पाठ लावून आहे. मधलं लाकडी कुंपण वादळात त्यांच्या कढीपत्त्यावर आडवं झालं. एरवी फळ्यांच्या फटीतून बोलायचो, आता निदान एकमेकींची तोंडं दिसतात. 8 जुलै 2024 ला पहाटे बेरिल चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर माटागोर्डापाशी चढलं, सकाळी आमच्या ह्यूस्टनवरून गेलं आणि मग लख्ख ऊन पडलं. त्या उन्हाने जे हाल केले, ते वादळालाही जमले नव्हते. बाहेर पारा नव्वद फॅरनहाइटच्या पुढे, हवेत दमटपणा, आणि घरं अशी की एसी बंद पडला तर खिडकीतून झुळूकही यायची नाही. बऱ्याच घरांत खिडकी उघडते की नाही हेच लोकांना पहिल्यांदा कळलं.

"पहिल्याच क्रमांकाचं होतं हो," मी म्हटलं. "टीव्हीवाले तर आधी म्हणत होते मेक्सिकोकडे जाईल. आम्ही 4 जुलैच्या सुट्टीत निवांत."

"इथे येईपर्यंत दमलं होतं ते. कॅरिबियनमध्ये पाचव्या क्रमांकाचं होतं. इतक्या लवकर पाचवा क्रमांक गाठलेलं वादळ अटलांटिकच्या नोंदींतच नाही म्हणे. समुद्र जूनमध्येच सप्टेंबरसारखा तापलेला, मग काय होणार? ग्रेनाडाजवळच्या त्या कॅरिअकू बेटावर घरांना छपरं ठेवली नाहीत. आणि दमल्यावरसुद्धा आपल्याकडे 20 लाखांवर मीटर बंद पाडून गेलं."

"झाडं किती पडली!"

"पडणारच. मे महिन्याची 16 तारीख विसरलीस? ते सरळ रेषेतलं वारं आलं, डाउनटाउनच्या काचा फुटल्या, दहा लाखांच्या आसपास मीटर बंद. तेव्हाच अर्धी झाडं खिळखिळी झाली होती. आता उरलेली तारांवर आली. बरं, ते पिवळ्या दरवाजाचे नागपूरवाले माहीत आहेत ना?"

"ज्यांनी गणपतीला पाचशे लाडू केले होते?"

"तेच. त्यांचे लाइट मंगळवारी आले. दुसऱ्याच दिवशी! आणि कुणाला म्हणून सांगितलं नाही. पडदे ओढून आत एसीत बसले. कळलं कसं, तर त्यांच्या गॅरेजचं दार बटणाने वर गेलं. समोरच्या आजींनी पाहिलं."

मला नागपूरवाल्यांची बाजू थोडी समजत होती. त्यांचं चार माणसांचं घर; लाइट आलेत म्हटलं तर दोन गल्ल्यांची पोरं, कुत्री, लॅपटॉप आणि राइस कुकर दारात उभे राहिले असते. पण हे काकूंना सांगणं शहाणपणाचं नव्हतं.

"आणि अंधार कुठे आहे, हेसुद्धा कुणाला ठाऊक नाही," काकू म्हणाल्या. "वीज कंपनीचा नकाशा मेमधल्या वादळापासून बंद. बातम्यांत बघितलंस ना? लोक त्या व्हॉटाबर्गरचं अ‍ॅप उघडून बघत होते. दुकान नारिंगी दिसलं तर चालू, करडं दिसलं तर बंद. कुठल्या भागात लाइट आहेत ते बर्गरवाल्याकडून कळावं! एवढं तेलाचं शहर, अवकाशात माणसं पाठवणारं शहर."

"यांनी तर आता जनरेटर घ्यायचाच ठरवलंय. घरभर चालणारा. ज्यांच्याकडे होता, ते एसी लावून आरामात झोपले."

"आधी एक सांगते. छोटा आणलात तर गॅरेजमध्ये लावू नका, दार उघडं ठेवूनही नाही. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. दर वादळात जातात. वाऱ्यातून वाचलेली माणसं नंतर अशी आणि उकाड्याने जातात."

मग काकूंनी खुर्ची ओढली. काकूंनी खुर्ची ओढली की इतिहास सुरू होतो. गेली तीसेक वर्षं त्या इथे आहेत आणि त्यांच्या घरातली प्रत्येक गोष्ट वादळाच्या नावाने ओळखली जाते. धाकट्याचं बारसं अ‍ॅलिसनच्या आधी, काकांची बायपास आइकनंतर.

"मला विचारशील तर रिटाइतकी मी कशाला घाबरले नाही," त्या म्हणाल्या. "2005. तीनच आठवड्यांपूर्वी कतरीनाने न्यू ऑर्लिन्स बुडवलेलं. टीव्हीवर छपरांवर बसलेली माणसं दिवसरात्र. त्यामुळे रिटा येतंय म्हटल्यावर सगळं ह्यूस्टन उठलं. ज्यांना जायला सांगितलं ते निघाले आणि नव्हतं सांगितलं तेही निघाले. 25 लाखांवर माणसं एकाच वेळी रस्त्यावर. ऑस्टिन एरवी तीन तासांचं. आम्ही पहाटे निघालो, दिवस मावळला तरी ह्यूस्टनची वेस दिसत होती. पेट्रोल वाचवायला एसी बंद. सासूबाई मागच्या सीटवर ओला पंचा डोक्यावर घेऊन रामरक्षा म्हणताहेत. शेवटी काकांनी गाडी वळवली."

"आणि वादळ?"

"ते गेलं लुइझियानाच्या हद्दीकडे! इथे थोडा वारा. पण त्या पळापळीत शंभरच्या वर माणसं गेली. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांची बस पेटली डॅलसजवळ, त्यातच 23."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. चहा मात्र झकास होता. वीज असलेल्या घरचा चहा.

"म्हणून हार्वी वादळाच्या वेळी तेव्हाचे महापौर टर्नर म्हणाले, घरातच थांबा," काकू पुढे बोलत होत्या. "लोकांनी नंतर शिव्या दिल्या त्यांना. पण ते तरी काय करणार? रिटा सगळ्यांच्या डोक्यात होतं. साठ-सत्तर लाखांची वस्ती रस्त्यावर काढली असती तर पाणी रस्त्यांवरच आलं असतं. इथले रस्ते मुद्दाम खाली केलेत, जास्तीचं पाणी त्यांच्यावरून वाहावं म्हणून."

हार्वी 2017 च्या 25 ऑगस्टला रात्री रॉकपोर्टजवळ चौथ्या क्रमांकाचं होऊन आदळलं. रॉकपोर्ट आमच्यापासून बरंच लांब. वाऱ्याने जे मोडायचं ते तिथे मोडलं. मग ते वादळ पुढे जायचंच विसरलं. चार दिवस जवळपास एका जागी घोटाळत समुद्रातलं पाणी उचलून इकडे ओतत राहिलं. नेदरलँड नावाच्या गावात 60 इंचांवर पाऊस मोजला गेला. आमच्या एकट्या हॅरिस काउंटीवर चार दिवसांत अंदाजे एक लाख कोटी गॅलन पाणी पडलं. जमीन ताटासारखी सपाट, खाली चिकणमाती, वर काँक्रीट, आणि पाणी न्यायला आळसावलेले बायू. हे ओढे एरवी इतके संथ असतात की नवीन माणसाला पाणी कुठल्या दिशेला वाहतंय तेच कळत नाही.

"टीव्हीवर सांगत होते, पोटमाळ्यावर जाणार असाल तर कुऱ्हाड घेऊन जा. पाणी वर आलं तर छप्पर फोडून निघता यावं. आता आपल्याकडे कुऱ्हाड कुठली? काकांनी नारळ सोलायचा कोयता वर नेऊन ठेवला. पाणी आमच्या ओसरीच्या दुसऱ्या पायरीवर थांबलं. कोयता अजून वरच आहे."

"पुण्याहून फोन आले असतील."

"आले नाहीत तर! विद्यापीठात दोनशे भारतीय मुलं गळ्याएवढ्या पाण्यात अडकलीत असं सुषमा स्वराजांचं ट्विट. ते वाचून नणंदेने विचारलं, वहिनी, तुम्ही कुठे आहात? म्हटलं, जिन्यावर. पण खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, ती धरणांची. तुला माहीत आहे ना, आपल्यापासून किती जवळ आहेत?"

"अ‍ॅडिक्स आणि बार्कर? तिथे तर आम्ही सायकल चालवतो."

"तेच ते! सायकलचे रस्ते, फुटबॉलची मैदानं, झाडं. धरण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोयना येतं, भरलेलं. ही धरणं वर्षभर कोरडी. 1929 आणि 1935 च्या पुरांनंतर लष्कराच्या इंजिनिअरांनी डाउनटाउन वाचवायला बांधली. तेव्हा इथे गवत आणि भातशेती. धरण भरलं तर पाणी जिथवर पसरणार, ती सगळी जमीन सरकारने काही घेतली नाही. पुढे शहर वाढत आलं आणि बिल्डरांनी नेमक्या त्या जमिनीवर घरं बांधली. चांगल्या शाळा, तळी, कारंजी. प्लॉटच्या नकाशावर कुठेतरी बारीक अक्षरात टीप, की ही जागा पाण्याखाली येऊ शकते. नकाशा कोण वाचतं गं? आपण किचनमध्ये आयलंड आहे का ते बघतो."

28 ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर धरणांचे दरवाजे उघडले. बांध टिकवायचा तर पाणी सोडणं भाग होतं. खालच्या बाजूला बफेलो बायूकाठची घरं बुडाली, त्यांना निदान आपण ओढ्याकाठी राहतो हे माहीत होतं. वरच्या बाजूची घरं धरणाच्या पोटात होती आणि ते त्यांना पाणी दिवाणखान्यात आल्यावर कळलं. पाऊस थांबून ऊन पडलं तरी त्यांच्याकडे पाणी चढतच होतं. पुढे लोक कोर्टात गेले आणि 2019 मध्ये कोर्टाने वरच्या बाजूच्या नुकसानीला केंद्र सरकारला जबाबदार धरलं.

"माझ्या मुलीची मैत्रीण त्यातलीच," काकू म्हणाल्या. "आम्ही दहा-बारा जणी गेलो होतो मदतीला. आधी गालिचा उचलायचा, ओला गालिचा किती जड असतो तुला सांगते. मग भिंती चार फुटांपर्यंत कापायच्या. जिप्समची भिंत पाणी शोषून वर चढवते, दोन दिवसांत काळी बुरशी. सगळा राडा रस्त्याकडेला. प्रत्येक घरासमोर ढीग, माणसाच्या उंचीचा. सोफे, फ्रिज, लग्नाचे अल्बम. ते ढीग महिनोन्महिने होते आणि तो वास! तिच्या सासूबाईंनी देव्हारा तेवढा पाण्यातून डोक्यावरून आणला. देव वाचले, पॉलिसी नव्हती."

"घराचा विमा असेलच की. त्याशिवाय बँक कर्ज देत नाही."

"घराचा होता. पुराचा नव्हता! घराच्या विम्यात पूर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. त्यांना एजंटने सांगितलं होतं, तुम्ही पूररेषेच्या बाहेर आहात, गरज नाही. हार्वीत बुडालेल्या निम्म्याहून जास्त घरांना तो नव्हता."

मी गप्प. आमच्याकडेही त्याच कारणाने नाही.

"हे असंच असतं इथे," काकूंनी पेला खाली ठेवला. "मागच्या वादळाचा अभ्यास करून सगळे बसतात आणि पेपर दुसराच येतो. गॅल्व्हस्टनला पाहुण्यांना घेऊन जातेस ना, ती समुद्राची भिंत दाखवायला?"

"दर वेळी."

"1900 च्या सप्टेंबरात तिथे कमीत कमी सहा हजार माणसं गेली. अमेरिकेत त्याहून जास्त माणसं नेलेलं वादळ अजून झालं नाही. त्याआधी, 1891 मध्ये हवामान खात्याचा तिथला अधिकारी, आयझॅक क्लाइन, पेपरात लिहून बसला होता की गॅल्व्हस्टनला मोठ्या वादळाची भीती हा खुळा समज आहे. त्या रात्री त्याची स्वतःची बायको गेली. मग गावाने 17 फुटी भिंत बांधली. नुसती भिंत नाही, गावच उचललं! दोन हजार इमारती जॅकवर वर घेतल्या आणि खाली वाळू भरली. चर्चसुद्धा उचललं. पण व्यापारी तोवर दचकले होते. ह्यूस्टनने आत कालवा खणून 1914 मध्ये आपलं बंदर उघडलं. आज आपण इथे नोकऱ्या करतो त्याला तेही कारण."

"भिंत टिकली की पण."

"टिकली. 2008 मध्ये आइक आलं तेव्हाही टिकली. पाणी मागच्या खाडीतून आलं! भिंत समुद्राकडे तोंड करून उभी आणि गाव पाठीमागून बुडालं. म्हणून आता खाडीच्या तोंडाशी दरवाजे बांधायचं चाललंय. काँग्रेसने 2022 मध्ये मंजुरी दिली. आकडा अब्जांचा, पैसा कधी येईल तो येवो."

तेवढ्यात आमच्या घरातून हाक आली. यांना जनरेटरवाल्याचा फोन लागला होता. शहरभर मागणी, महिनोन्महिने थांबावं लागणार, पण आज आगाऊ रक्कम दिली तर नंबर लागेल.

"किती म्हणतोय?" काकूंनी विचारलं.

मी आकडा सांगितला. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"आणि पुराची पॉलिसी?"

"ती पुढच्या वर्षी बघू म्हणतात. कुंपणाचाही अर्धा खर्च आहे ना, तुमच्याबरोबर."

"कुंपण राहू दे गं पडलेलं दिवाळीपर्यंत. पॉलिसी घेतल्यापासून 30 दिवसांनी लागू होते. आज घेतलीस तर ऑगस्टच्या मध्यावर. हार्वी 25 ऑगस्टला आलं होतं."

"त्यांना पटत नाही हो. म्हणतात, जनरेटर डोळ्यांना दिसतो तरी."

"दिसतो ना! शेजाऱ्यांनाही दिसतो. पॉलिसीला बाई आवाज नसतो. तू त्यांना सांगू नकोस काही. एजंटचा नंबर देते, आत्ता माझ्याच फोनवरून लाव, तुझा अजून चार टक्क्यांवर आहे."